नडगी जुळली, पण घोट्याचं काय?

पाय मोडला की जो तो हाडाचीच चौकशी करतो. जुळलं का, कितपत जुळलं, प्लास्टर की रॉड, एक्सरेत काय दिसतंय. गोव्यातल्या आमच्या चोडण बेटाच्या फेरीबोटीवर भेटणारा प्रत्येक माणूस हाडापासून सुरुवात करायचा आणि हाडावरच संपवायचा. आता खरं सांगू का, हाडाने मला फारसा त्रास दिलाच नाही, ते आपलं आतल्या आत जुळत बसलं होतं. छळलं ते घोट्याने, ज्याला पडताना काहीसुद्धा झालं नव्हतं! म्हणून ही पोस्ट मुख्यतः घोट्याबद्दल आहे, आणि ज्यांच्या घरात सध्या कोणी पाय वर करून बसलंय त्यांच्यासाठी आहे.

माझी केस थोडक्यात सांगते. ऑगस्टातला पाऊस, परसातल्या चिऱ्याच्या पायऱ्या, त्यावर हिरवंगार शेवाळ, हातात केळीची पानं, पुढचं तुम्हाला कळलंच असेल. पाऊल जागीच अडकलं आणि बाकीची मी फिरले, त्यामुळे उजव्या नडगीचं हाड खालच्या भागात पिळवटून मोडलं आणि बाजूचं बारीक हाडही गेलं. १०८ ची अँब्युलन्स फेरीतून आली आणि मला घेऊन फेरीतूनच परत गेली. गुडघ्याच्या वाटीखाली काप देऊन हाडाच्या पोकळीतून रॉड घातला, वर-खाली स्क्रू. ही युक्ती गेरहार्ड क्युंटशर नावाच्या जर्मन सर्जनची, १९३९ मध्ये कील शहरात त्याने हाडाच्या पोकळीत असा खिळा घालायला सुरुवात केली म्हणे, नाहीतर त्याआधी प्लास्टर घालून नाहीतर पायाला वजन लटकवून महिनोन्‌महिने खाटेवर. तेव्हा मी नशीबवान.

नडगी तशी हट्टी असते. तुमच्याच नडगीवरून बोट फिरवून बघा, पुढच्या आतल्या बाजूला कातडी आणि लगेच हाड, मधे मांस नाहीच. खालच्या भागात तर रक्तपुरवठाही बेताचा, म्हणून तिथलं फ्रॅक्चर सावकाश जुळतं. चार ते सहा महिने धरून चाला असं डॉक्टरांनी पहिल्यालाच सांगितलं, आणि सिगारेट ओढणाऱ्यांना त्याहून जास्त लागतात हे वाक्य ते माझ्याकडे नाही तर यांच्याकडे बघून बोलले, ते मला फार आवडलं.

ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी फिजिओ हजर. लहानशी मुलगी, अर्धं कोंकणी अर्धं मराठी बोलणारी, मी शाळेत शिकवते हे कळल्यापासून मला टीचर म्हणायला लागली. ‘टीचर, पांय मुखार, फाटीं’ एवढंच. म्हणजे पाऊल आपल्याकडे ओढायचं, मग लांब ढकलायचं. याला अँकल पंप म्हणतात. मला वाटलं हा काय व्यायाम, एवढ्यासाठी कोणी फी घेतं? पण मग तिने नीट समजावलं, पोटरीचा स्नायू आवळला की तो आतल्या शिरा दाबतो आणि रक्त वर हृदयाकडे ढकलतो, आणि माणूस आडवा पडून राहिला की हा पंप बंद, रक्त साचतं, गुठळी होऊ शकते, आणि ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. त्यानंतर मी नर्स आली की पंप, जेवण आलं की पंप, बाजूच्या खाटेवरच्या आजींकडे पाहुणे आले की पंप. दर तासाला दहा-वीस वेळा तरी करायचे. पोटरी अचानक एका बाजूने सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली किंवा धाप लागली तर फिजिओला फोन करत बसायचं नाही, थेट इस्पितळ गाठायचं. हे तिने दोनदा म्हणून घेतलं माझ्याकडून.

दुसरा व्यायाम मांडीचा. पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती गुडघ्याने खाली दाबायची, मनात पाच मोजायचे, सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. वाचायला किती सोपं. मी दाबायला गेले आणि मांडी हललीच नाही! डोकं हुकूम सोडतंय आणि मांडी आपली शांत. वाटीच्या वर हात ठेवून बघा म्हणाली, स्नायू आवळला तर वाटी जरा वर सरकताना दिसते. मग मी चांगल्या पायाची वाटी सरकवायची, ती बघायची आणि मग या पायाला सांगायचं, बघ असं. दोन दिवसांनी ती जराशी हलली तेव्हा मी वॉर्डात मोठ्याने ओरडले. ते जमल्यावर पाय सरळ ठेवून उचलायचा, दुसऱ्या गुडघ्याच्या उंचीएवढाच, पण उचलताना गुडघा वाकता कामा नये, वाकला तर तो मोजायचा नाही. आणि टाच गादीवरून घसरवत गुडघा वाकवायचा, टाचेखाली प्लास्टिकची पिशवी ठेवली की छान सरकते.

आता मुख्य मुद्दा. झोपलेल्या माणसाचं पाऊल आपोआप खाली लोंबतं, बोटं लांब, टाच वर. त्यात वरून गोधडीचं वजन. असं काही आठवडे राहिलं की पोटरीचा स्नायू त्याच लांबीवर आखडतो आणि घोट्याचं आवरणही घट्ट होतं. मग एक दिवस डॉक्टर म्हणतात उभ्या राहा, आणि टाच जमिनीला टेकतच नाही. माझा घोटा पावसात फुगलेल्या दारासारखा झाला होता, अर्ध्यावर येऊन गच्च. साधं चालायला पाऊल नव्वद अंशाच्या पुढे साधारण दहा अंश तरी वर वाकावं लागतं, जिना उतरायला त्याहून जास्त, आणि उकिडवं बसायचं तर खूपच जास्त. म्हणून ज्यांचं प्लास्टर नाही, रॉड आहे आणि डॉक्टरांनी घोटा हलवायला परवानगी दिलीये, त्यांनी पहिल्या आठवड्यापासून टॉवेल घ्या, तळपायाला अडकवा, दोन्ही टोकं हातात धरून पाऊल स्वतःकडे ओढा, तीस सेकंद धरा, सोडा. तीन-चार वेळा. यात दुखणार, ओढल्यासारखं दुखणार, ते चालतं. हाडाच्या जागी टोचल्यासारखं दुखलं तर थांबायचं.

याच्या जोडीला हवेत अक्षरं काढायची. तिने सांगितलं ए टू झेड. मी म्हटलं आयुष्यभर फळ्यावर अ आ इ ई काढली, आता अंगठ्याने पण तीच काढणार. आणि मला विचाराल तर देवनागरी जास्त कामाची आहे, ‘ळ’ काढताना घोटा दोन्ही बाजूंना वळतो आणि ‘क्ष’ला तर घाम फुटतो. वर रेघ ओढायची झाली की पाऊल आडवं फिरवावं लागतं, तो व्यायाम फुकटात. फक्त गुडघा स्थिर ठेवायचा, नाहीतर अख्खा पाय फिरतो आणि घोटा आरामात. नातवाला ओळखायला लावायचे, ओळखता आलं नाही तर पुन्हा.

वजन टाकण्याबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ असतो. शेजारची एक म्हणते माझ्या भावाला रॉड घातला आणि तिसऱ्या दिवशी चालवलं, मग तुला का नाही? अहो, फ्रॅक्चर कसं आहे, किती तुकडे, कुठल्या जागी, त्यावर ते ठरतं, एकाचं दुसऱ्याला लागू नाही. मला सुरुवातीला फक्त बोटं टेकवायची परवानगी होती, नंतर दहा किलो, मग वीस, असं वाढवत. आता दहा किलो म्हणजे किती हे पायाला कसं कळणार? त्यासाठी घरातला वजनकाटा काढायचा. काट्यावर दुखरा पाय, बाजूला तेवढ्याच उंचीवर चांगला पाय, म्हणून मी त्याच्याखाली पाट ठेवायचे. वॉकर धरून हळूहळू भार द्यायचा, यांनी काट्यावर बघून आकडा सांगायचा. थोड्या दिवसांत न बघताच अंदाज येतो. आणि भार देणं हे नुसतं चालण्यासाठी नाही, हाडालाही ते हवं असतं. युलियस वोल्फ नावाच्या बर्लिनच्या सर्जनने १८९२ मध्येच लिहून ठेवलंय की हाडावर जसा भार पडतो तसं ते स्वतःला घडवतं. म्हणजे घाबरून महिनोन्‌महिने पाय उचलूनच ठेवला तर हाडाचंच नुकसान. सांगितलेलं वजन सांगितलेल्या वेळी टाकायचं, कमी नाही जास्त नाही.

कुबड्यांबद्दल पटकन. भार तळहातांवर, काखेत नाही, काख आणि कुबडीमधे दोन-तीन बोटं जागा हवी, नाहीतर तिथली नस दाबली जाऊन हाताला मुंग्या येतात. चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. खालची रबरी बुचं झिजलीत का ते बघत जा, आपल्याकडे पावसात मोझॅइकच्या लादीवर ओलं रबर कसं सरकतं ते वेगळं सांगायला नको. आणि पुढे एक काठी आली की ती चांगल्या बाजूच्या हातात धरायची. हे कोणालाच पटत नाही! माझी सासू, माझी धाकटी जाऊ, फेरीवरचा तिकिटवाला, सगळे सांगणार की बाई काठी मोडलेल्या बाजूला धर. अहो, चालताना आपण उजवा पाय टाकला की डावा हात पुढे येतो ना, मग उजव्या पायाचा भार डाव्या हातातली काठीच उचलणार.

सल्ल्यांचं निघालंच आहे तर मालिशचं पण सांगते. अमक्या गावात एक माणूस आहे, पाला बांधतो, तेल चोळतो, चार दिवसांत उभं करतो. ताज्या फ्रॅक्चरवर आणि सुजलेल्या पोटरीवर जोरात चोळणं धोक्याचं, आत गुठळी असेल तर ती सुटू शकते. मी सरळ नाही म्हटलं, थोडे रुसवे झाले. खाण्याचे सल्ले मात्र सगळे ऐकले कारण ते चविष्ट होते. नाचणीचं तिजान, म्हणजे पातळ खीर, रोज, १०० ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, त्यात गूळ आणि नारळाचा रस, आणि काय पाहिजे. जोडीला अंडी, डाळी, मासे, कारण हाडाला प्रोटीनही लागतं. पावसात ऊन नाही म्हणून व्हिटॅमिन डी डॉक्टरांनी दिलं.

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मी सोप्यावर खुर्चीत, पाय स्टुलावर, आणि स्टुलावर दोन उश्या. सूज उतरायला पाऊल हृदयाच्या वर पाहिजे, नुसतं स्टुलावर ठेवून भागत नाही, त्यामुळे आरती झाली की मी खोलीत जाऊन आडवी. आरतीतल्या घुमट वाद्याचा आवाज ऐकत पंप मारत बसायचे, तालात चांगले होतात.

हाडाभोवती नवं हाड धरायला लागलंय असं एक्सरेत दिसलं, पूर्ण भार टाकायला परवानगी मिळाली आणि घरच्यांच्या मते मी बरी झाले. फिजिओच्या मते आता कुठे सुरुवात. तिने मला भिंतीसमोर उभं केलं. पाऊल भिंतीकडे सरळ, टाच जमिनीला घट्ट, गुडघा पुढे नेऊन भिंतीला लावायचा. लागला की पाऊल थोडं मागे घ्यायचं, पुन्हा लावायचा. टाच न उचलता अंगठा भिंतीपासून जितका लांब जाईल तितका घोटा मोकळा. धडधाकट माणसाचं साधारण दहा सेंटिमीटर येतं. माझ्या डाव्या पायाचं व्यवस्थित आलं, उजव्याचं विचारू नका, अंगठा भिंतीला चिकटलेला आणि तरी गुडघा पोचत नव्हता. लादीवर पेन्सिलने खूण करून ठेवली. मला हा व्यायाम आवडायचं कारण म्हणजे यात फसवाफसवी चालत नाही, खूण एक तर पुढे जाते नाहीतर नाही. फक्त एक बघायचं, गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत पुढे गेला पाहिजे, आत पडला तर पाऊल चपटं होऊन खोटे सेंटिमीटर मिळतात.

पोटरी ताणायची ती दोन प्रकारे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पोटरीत दोन मोठे स्नायू. वरचा गुडघ्याच्या वरपासून येतो, तो ताणायला मागचा गुडघा सरळ ठेवून भिंतीला हात लावून पुढे झुकायचं. आतला गुडघ्याच्या खाली सुरू होतो, तो गुडघा सरळ असताना नीट ताणला जात नाही, त्यासाठी त्याच जागी उभं राहून मागचा गुडघा वाकवायचा, टाच न उचलता. माझा हा आतलाच अडून बसला होता. नुसते सरळ गुडघ्याचे स्ट्रेच करत राहिले असते तर फरकच पडला नसता. मग रबरी पट्टा, म्हणजे थेराबँड, खाटेच्या पायाला बांधून पाऊल चारी दिशांना ओढायचं, सावकाश सोडायचं, सोडताना पट्ट्याने पाय खेचून नेता कामा नये.

दुखण्याचा हिशोब असा ठेवायचा, दहापैकी तीन-चार दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्याएवढंच असेल तर ठीक. सकाळी जास्त दुखतंय, सूज वाढलीये, तर काल जास्त झालं, आज कमी. फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटं बर्फ. संध्याकाळची सूज कितीतरी महिने राहते, त्याला घाबरायचं नाही, मोज्याचा वळ उठतो तेवढंच.

माझी खरी परीक्षा चोडणसमोरच्या काठावर, रायबंदरच्या धक्क्यावर. फेरीचा उतार ओहोटीला लांबच लांब होतो, खालचा भाग चिखलाने निसरडा, आणि चढताना प्रत्येक पावलाला घोटा वर वाकावाच लागतो. तो वाकत नसेल तर माणूस काय करतो, पाऊल बाहेर फिरवून बदकासारखं चालतो किंवा गुडघा मागे झटकतो, आणि पुढे कंबर दुखायला लागते. पहिले काही दिवस मी गाडीत बसूनच फेरीत चढले-उतरले. मग भरतीची वेळ बघून, उतार कमी असताना, काठी घेऊन. टाच आधी, मग तळवा, मग अंगठ्याने मागे ढकलायचं, हे मनात म्हणत. मागून स्कूटरवाले हॉर्न मारतात, मारू दे.

त्या अंगठ्याने ढकलण्यासाठी पोटरीत ताकद पाहिजे आणि ती सगळ्यात उशिरा येते. माझी उजवी पोटरी डावीच्या शेजारी बघवत नव्हती. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून दोन्ही टाचा उचलायच्या, सावकाश खाली. मग दोन्हीवर वर जायचं आणि एकट्या उजव्यावर खाली यायचं. शेवटी एकट्या उजव्यावरच वर. एका पायावर वीस-पंचवीस वेळा पूर्ण उंचीपर्यंत जमलं तर पोटरी ठीक आली म्हणतात. मी तिथे अजून पोचले नाहीये, मधेच टाच अर्ध्यावर थांबते आणि कुकरची शिट्टी होते.

ओट्याशीच तोल सांभाळायचा व्यायाम पण होतो, दात घासताना एका पायावर उभं राहायचं. जमायला लागलं की उशीवर, त्याहून पुढे डोळे मिटून, पण शेजारी धरायला काहीतरी हवंच. पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर वाळूत चाला असं सगळे सांगतात, त्यात तथ्य आहे पण घाई नको. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाऊल कुठेही वळतं, आधी ओली घट्ट वाळू. आणि पाण्याच्या कडेला किनारा उतरता असतो, एकाच दिशेने गेलात तर एका पायावर सगळा ताण, म्हणून गेलात तसंच त्याच रेषेत परत या.

गुडघ्याबद्दल राहिलं. रॉड गुडघ्याखालून घातलेला असला की वाटीच्या खाली दुखणं बऱ्याच जणांना राहतं, विशेषतः गुडघे टेकताना. देवापुढे वाकताना मी अजून दुमडलेली गोधडी घेते. मांडी घालून बसता येतं, उकिडवं नाही, त्यामुळे विळीवर नारळ खवायचं काम सध्या यांच्याकडे, आणि ते तसंच राहिलं तरी माझी तक्रार नाही.

स्कूटर कधी, हे मला रोज कोणीतरी विचारतं. माझा नियम डॉक्टरांनी घालून दिलेला आहे, एका पायावर गाडीचा तोल धरता आला पाहिजे आणि झटकन पाय टेकवला तर कळ येता कामा नये. फेरीत चढवताना तर दोन्ही पाय टेकवावे लागतात आणि खाली लोखंड ओलं असतं. तेव्हा फेरीपर्यंत हे सोडतात, पलीकडून बस.

आणि रॉड काढायचा का? त्रास देत नसेल तर बहुतेक वेळा काढत नाहीत, खालचे स्क्रू कातडीला टोचत असतील तर तेवढे काढतात. माझा खालचा एक स्क्रू चपलेचा पट्टा घासला की जाणवतो. डॉक्टर म्हणाले हवं तर काढू. मी चप्पल बदलली.